देवाची सहनशीलता आणि देवाचा न्याय : ख्रिस्ती जीवनातील अर्थ

देव न्यायी आहे, तर अन्याय करणाऱ्याला लगेच शिक्षा का होत नाही? हा प्रश्न चर्चमध्ये पडतो, तसाच गावाकडच्या जमिनीच्या वादाचा फोन ठेवल्यावर किंवा थकलेल्या पगाराची वाट पाहतानाही पडतो. ख्रिस्ती शिकवणीत याचे उत्तर काय आहे, ते थोडक्यात पाहू.

मराठी बायबलमध्ये देवासाठी 'मंदक्रोध' हा सुंदर शब्द येतो. त्याला राग येतच नाही असा त्याचा अर्थ नाही. तो रागवायला घाई करत नाही, एवढाच. म्हणजे दया आहे म्हणून न्याय संपला, असे होत नाही.

येशूचे तीन दाखले

*गहू आणि निदण (मत्तय, अध्याय १३) :* शेतात गव्हाबरोबर निदण उगवते. नोकर ते उपटायला निघतात, पण मालक थांबवतो; घाईत गहूही उपटला जाईल. निवाडा कापणीच्या वेळी होतो, टळत नाही.

*अंजिराचे झाड (लूक, अध्याय १३) :* तीन वर्षे फळ नाही. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो आणि भोवती खणून खत घालायचे कबूल करतो. देवाची सहनशीलता अशी आहे : सुधारण्यासाठी दिलेली मुदत, आणि त्या मुदतीत करायचे कष्ट.

*क्षमा न करणारा चाकर (मत्तय, अध्याय १८) :* याला १०,००० तालांतांचे कर्ज माफ होते, पण तो स्वतः १०० दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार. आपल्याला मिळालेली सवलत दुसऱ्याला न देणे, हाही अन्यायच ठरतो.

सहन करणे म्हणजे गप्प बसणे नव्हे

लूकच्या १८व्या अध्यायातील विधवा न्याय मिळेपर्यंत न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाते. येशू तिला नावे ठेवत नाही. उलट तिचे उदाहरण देतो. सूड घेऊ नये, असे पौल रोमकरांस पत्रात सांगतो. पण न्याय मागू नये, असे नाही. म्हणून घरात मारहाण होत असेल किंवा मालक पगार अडवत असेल, तर पोलीस, कामगार कार्यालय किंवा वकिलात यांच्याकडे जाणे श्रद्धेच्या विरुद्ध नाही. 'देव बघून घेईल' हे वाक्य स्वतःचा राग आवरण्यासाठी म्हणावे, दुसऱ्याचे दुःख टाळण्यासाठी नव्हे.

आपल्याकडचे एक उदाहरण

कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना त्याचा फार मोठा धक्का बसला. काही काळ दोघे वेगळे राहिले. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळेओवळे सांभाळले. पुढे १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात हा काळ वाचायला मिळतो. माणसाचे मन बदलायला वेळ लागतो, आणि तो वेळ देताना कोणाला तरी सोसावे लागते, हे त्यातून कळते.

मुलांनी हा प्रश्न विचारला, तर अंजिराच्या झाडापासून सुरुवात करावी. माळ्याने झाडासाठी एक वर्ष आणखी मागितले; पण भोवती खणून खत घालायचेही कबूल केले, हेही सांगावे.