वृद्धांचे अन्न आणि दुष्काळाचे दफ्तर

माळशेज घाटाच्या वाटेवरील डिंगोऱ्यासारख्या गावी वार्धक्याचा पोषणाशी असलेला संबंध पाहू जाता, त्याचे धागे 1876-78 च्या भीषण दुष्काळापर्यंत पोहोचतात. 1877 च्या आरंभी सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील धडधाकट मजुरास रोज एक पौंड धान्य पुरे, असा दंडक पुरस्कारिला, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यास निक्षून विरोध केला. परंतु ज्यांच्या हातून खडी फुटणेच अशक्य, त्या जराजर्जर रयतेचे काय, हा प्रश्न माझ्या मते त्याहून दारुण होता. 1880 च्या दुष्काळ आयोगाने त्याचे उत्तर दिले: कामास असमर्थ असणाऱ्यांची गावनिहाय यादी करून त्यांना शक्यतो घरीच धर्मार्थ मदत द्यावी, आणि निराश्रित भटक्यांसाठी दरिद्रगृहे असावीत. घर आणि आश्रयस्थान यांतील हा भेद मोलाचा होता, कारण परक्या छपराखालील शिधा वृद्धाच्या पचनास व मनास मानवतोच असे नाही.

पुढे 1 एप्रिल 2000 पासून अन्नपूर्णा योजनेत, वृद्धापकाळ निवृत्तिवेतनास पात्र असूनही ते न मिळालेल्या 65 वर्षांवरील वृद्धांस दरमहा 10 किलो धान्य मोफत ठरले. पण दात गेलेल्या, एकट्या राहणाऱ्या माणसास नुसते धान्य अन्न होत नाही; ते दळणारा, शिजवणारा आणि शेजारी बसून भरवणारा हात लागतो. म्हणून, दिलेले अन्न खरोखर पोटात जाते की नाही हे कळावे यासाठी वृद्धाश्रमात, रुग्णालयात वा घरी, वृद्धाचे वजन दरमहा नोंदवावे, अशी माझी वाचकांस कळकळीची विनंती आहे.