पिंपात लपून पळाला, पॅसिफिकपर्यंत पोचला आणि सासऱ्यानेच मुंडकं उडवलं

साल १५१०. कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटावरून एक स्पॅनिश जहाज निघालं. किनारा मागे पडल्यावर एका पिंपातून चक्क माणूस बाहेर आला. सोबत लेऑन्सिको नावाचा कुत्रा. या माणसाचं नाव वास्को नुन्येझ दे बाल्बोआ. बेटावर शेती आणि डुकरं पाळण्याचा धंदा बुडाला, डोक्यावर कर्ज चढलं, म्हणून सावकारांना चुकवून तो पळाला होता.

जहाजाचा प्रमुख एन्सिसो भडकला. पण बाल्बोआ १५०१ मध्येच या भागात येऊन गेला होता, त्याला किनारा माहीत होता. त्याच्याच सल्ल्याने आजच्या कोलंबियात दारिएनची वसाहत उभी राहिली. मग त्याने काय केलं? एन्सिसोलाच हटवलं. निकुएसा नावाचा अधिकृत गव्हर्नर आला, तर त्याला गळक्या जहाजात बसवून परत पाठवलं. निकुएसा पुन्हा कुणाला दिसला नाही.

एकदा स्पॅनिश सैनिक सोन्याच्या वाटणीवरून भांडत होते. तेव्हा कोमाग्रे या स्थानिक सरदाराचा मुलगा पांकियाको म्हणाला, सोनंच हवं तर डोंगर ओलांडा, पलीकडे दुसरा समुद्र आहे.

१ सप्टेंबर १५१३ रोजी बाल्बोआ निघाला. सोबत १९० स्पॅनिश आणि शेकडो स्थानिक हमाल, वाटाडे. पनामाची ही पट्टी अरुंद असली तरी दलदल आणि जंगल भयंकर. वाटेत क्वारेक्वा इथे त्याने सुमारे ४० स्थानिकांवर शिकारी कुत्रे सोडून त्यांना ठार केलं. लेऑन्सिकोला तर लुटीत सैनिकाइतका वाटा मिळायचा!

२५ सप्टेंबरला एका डोंगरमाथ्यावरून त्याला पाणी दिसलं. अमेरिकेच्या बाजूने पॅसिफिक पाहणारा तो पहिला युरोपियन ठरला. स्थानिकांना अर्थातच तो समुद्र आधीपासून ठाऊक होता. चार दिवसांनी बाल्बोआ तलवार आणि झेंडा घेऊन पाण्यात उतरला आणि अख्खा समुद्र स्पेनच्या राजाच्या नावावर करून टाकला. पनामाची पट्टी पूर्व-पश्चिम पसरलेली, त्यामुळे हे पाणी दक्षिणेला दिसत होतं. म्हणून नाव ठेवलं ‘दक्षिण समुद्र’. पॅसिफिक हे नाव नंतर मॅगेलनने दिलं.

पण शोधाची बातमी पोचण्याआधीच राजाने नवा गव्हर्नर नेमला होता. पेद्रारियास दाविला. १५१४ च्या जूनमध्ये तो सुमारे १५०० माणसं घेऊन उतरला. भूक आणि रोगराईने त्यातले शेकडो काही महिन्यांतच मेले. बाल्बोआचा दबदबा त्याला खुपत होता. तडजोड म्हणून स्पेनमध्ये असलेल्या आपल्या मुलीशी त्याने बाल्बोआचं लग्न लावून दिलं. नवरा-नवरी एकमेकांना कधी भेटलेच नाहीत.

बाल्बोआ जहाजांचे सुटे भाग माणसांच्या पाठीवरून जंगलापार नेऊन दक्षिण समुद्रात उतरवण्याच्या खटपटीत होता. या कामात असंख्य स्थानिकांचा जीव गेला. तेवढ्यात सासऱ्याचं बोलावणं आलं. वाटेतच त्याला अटक झाली आणि अटक करणारा होता फ्रान्सिस्को पिझारो, १५१३ च्या मोहिमेतला त्याचाच साथीदार.

आरोप राजद्रोहाचा. स्पेनमध्ये दाद मागायची परवानगी पेद्रारियासने नाकारली. जानेवारी १५१९ मध्ये आक्ला गावात बाल्बोआ आणि त्याच्या चार साथीदारांचा शिरच्छेद झाला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेद्रारियासने पॅसिफिक किनाऱ्यावर पनामा शहर वसवलं. पुढे तिथूनच पिझारो पेरूला गेला आणि इंका साम्राज्याचं सोनं त्याच्या हाती लागलं.

आज पनामाच्या चलनाचं नाव ‘बाल्बोआ’ आहे. गंमत म्हणजे तिथे नाणी बाल्बोआची चालतात, नोटा मात्र अमेरिकी डॉलरच्या.