चकाकी आणि साक्ष
1934 सालची ‘तूर द फ्रान्स’ शर्यत आंतोनँ मान्ये याने जिंकली. माव्हिक कंपनीच्या त्याच्या रिमा ड्युरॅल्युमिनच्या होत्या. धातूला मज्जाव असल्याने त्यांना लाकडाचा भास देणारा रंग दिला होता, असे सांगतात. तो रंग खरवडून अ‍ॅल्युमिनियम उजळले, तर रिम नवी दिसेल. इतिहास मात्र मुका होईल.

पुढच्या काळातील ॲनोडाइझ केलेल्या भागांचेही तेच. विजेच्या साहाय्याने घडवलेला ऑक्साइडचा थर कॉस्टिक सोड्यात विरघळतो. पॉलिशने मग आरशासारखी चकाकी येते, पण संरक्षण जाते आणि मूळ पोतही. जुन्या पोथीचा साक्षेपी संपादक लेखनिकाच्या खुणा पुसून टाकत नाही. मळ काढावा, साक्ष राखावी. जीर्णोद्धाराची मर्यादा हीच.