चूक की बोली?

यवतमाळकडील विद्यार्थी ‘पाणी’ऐवजी ‘पानी’, ‘डोळा’ऐवजी ‘डोया’, ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणतो, तेव्हा त्याची भाषा सरसकट अशुद्ध ठरविली जाते. वस्तुतः ही वऱ्हाडी बोलीची नियमबद्ध रूपे आहेत. ग्रिअर्सनसंपादित भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) या बोलीची नोंद आहे.

लेखनातील शुद्धाशुद्धतेलाही इतिहास आहे. राज्य शासनाने १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम मान्य केले. तोवर शिष्टसंमत असलेली ‘नांव’, ‘कांही’, ‘कवि’ ही रूपे त्यानंतर चुकीची ठरली. ‘नाव’, ‘काही’, ‘कवी’ शुद्ध झाली. लेखन उच्चाराच्या जवळ आणले गेले, मात्र तो उच्चार सुशिक्षितांचा होता. ‘पानी’ला त्यात स्थान नव्हते.

चुकांचा आणखी एक प्रकार शिकवणुकीतूनच निपजतो. ‘न’वरून वारंवार टोकला गेलेला विद्यार्थी ‘मन’चे ‘मण’ आणि ‘ऊन’चे ‘ऊण’ करू लागतो. वऱ्हाडीत ही रूपे नाहीत; ती दुरुस्तीच्या धास्तीने आलेली आहेत.

परीक्षेत, अर्जात, कार्यालयात प्रमाणभाषा लागते. ती शिकविलीच पाहिजे. परंतु बोलीचे रूप, कालबाह्य लेखन आणि खरी चूक यांवर आपण एकाच लाल शाईची रेघ ओढतो. तिन्हींतला भेद आधी शिक्षकाला कळला पाहिजे. एरवी विद्यार्थी शुद्ध बोलू लागण्याऐवजी वर्गात बोलणेच सोडून देतो.