समुद्र कोणाचा? केरळच्या ट्रॉलरबंदीचा इतिहास

आधी उत्पादन वाढवा, वाटपाचे नंतर बघू. हा युक्तिवाद आपण शेतीत ऐकला, धरणांच्या वेळी ऐकला. केरळच्या किनाऱ्यावर तो पन्नास वर्षांहून अधिक काळापूर्वी वापरला गेला आणि त्याचे पुढे काय झाले, हे आज तपासून पाहता येते. म्हणून चळवळीतल्या तरुणांनी हा इतिहास वाचलाच पाहिजे. मासेमारी हा आपला विषय नाही, असे म्हणून चालणार नाही.

१९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला. पुढच्या वर्षी कोल्लमजवळच्या नींडकरा आणि शक्तिकुलंगरा या गावांत प्रकल्प सुरू झाला. मच्छीमारांचे जीवनमान उंचावणे हा त्याचा जाहीर उद्देश होता. दवाखाना आला, पिण्याचे पाणी आले, यांत्रिक बोटी आल्या. या गोष्टी नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच सुमारास गोठवलेल्या कोळंबीला अमेरिकेची बाजारपेठ मिळाली आणि साठच्या दशकात या बोटी कोळंबीच्या मागे लागल्या. ट्रॉलचे जाळे समुद्राच्या तळावरून ओढत नेतात. बारीक आसाच्या जाळ्यात कोळंबीबरोबर लहान पिल्लेही येतात, आणि ती मरतात. कोळंबीला डॉलर मिळत होते, त्यामुळे ज्यांचा समुद्राशी कधी संबंध नव्हता असे पैसेवालेही बोटींचे मालक झाले. मच्छीमारांसाठी आलेल्या योजनेत बहुसंख्य मच्छीमार एक तर खलाशी झाले, नाही तर आपल्या लहान होड्या घेऊन त्याच पाण्यात ट्रॉलरशी झगडत राहिले.

हे मच्छीमार कोण होते? हिंदू अरयर, लॅटिन कॅथलिक मुक्कुवर, मुसलमान. धर्म तीन, पण समाजाच्या उतरंडीतली जागा खालचीच. धर्मांतरानंतरही मुक्कुवराच्या अंगाला मासळीचा वास येतो, हे सांगायला शेजारचे जुने ख्रिस्ती विसरले नाहीत. तिरुवनंतपुरममध्ये मासळी विकणाऱ्या बायांना वासाच्या कारणावरून बसमध्ये घेत नसत. मैलोनमैल डोक्यावर पाटी घेऊन चालणाऱ्या या बायांनी लढून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःसाठी सरकारी बस मिळवल्या. वैकमच्या सत्याग्रहाला तेव्हा अर्धे शतक उलटून गेले होते.

'केरळ मॉडेल'चे गोडवे आपल्याकडेही गायले जातात. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमधले अर्थतज्ज्ञ जॉन कुरियन यांनी नव्वदच्या दशकात दाखवून दिले की साक्षरतेत आणि आरोग्यात मच्छीमार समाज या मॉडेलच्या बाहेरच राहिला. असे संशोधन आम्हाला मोलाचे वाटते, कारण 'किती मासळी' या प्रश्नाशी न थांबता ते 'कोणाची मासळी' हेही विचारते.

संघर्ष एकट्या केरळचा नव्हता. गोव्यात रापणकारांनी सत्तरच्या दशकात ट्रॉलरविरुद्ध रान उठवले. त्यांचे नेते माथानी साल्ढाणा यांच्या अध्यक्षतेखाली १९७८ मध्ये देशभरच्या लहान मच्छीमारांचा मंच उभा राहिला. पुढे गोवा आणि केरळात १९८० मध्ये, महाराष्ट्रात १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदे झाले. किनाऱ्याजवळचे पाणी लहान होड्यांसाठी राखून ठेवायचे, हे तत्त्व कागदावर आले.

केरळात पावसाळी ट्रॉलबंदीची मागणी पुढे आली. त्या महिन्यांत अनेक जातींचे मासे अंडी घालतात, असे मच्छीमार सांगत होते. सरकारने काय केले? समिती नेमली. बाबू पॉल समितीत एकमत झाले नाही. मग कलावर समिती आली. तिने ट्रॉलर कमी करा म्हटले, पण बंदी सुचवली नाही. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात उभे असलेल्या माणसाचे ज्ञान पुरावा ठरत नव्हते. १९८४ मध्ये फादर थॉमस कोचेरी यांच्यासह मच्छीमार संघटनेने उपोषणे आणि रास्ता रोको केले. अखेर बालकृष्णन नायर समितीने बंदीच्या बाजूने कौल दिला आणि १९८८ मध्ये पहिली पावसाळी बंदी आली. तीही नींडकरा वगळून! ज्या बंदरात ट्रॉलरचे सर्वाधिक बळ होते, तेच सुटले. किनाऱ्यालगतच्या पाण्यात पर्ससीनसारख्या मोठ्या जाळ्यांवर राज्याने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये वैध ठरवली.

बंदीनंतर मासळी वाढली, पण तारली आणि बांगडा मुळातच कमीजास्त होणारे मासे, त्यामुळे सारे श्रेय बंदीला देणे घाईचे होईल. शिवाय पारंपरिक होड्यांवरही इंजिने आली, मोठी रिंगसीन जाळी आली, कर्जे वाढली. पारंपरिक म्हणजे निष्पाप, असे आम्ही मानत नाही. खेड्याचे गुणगान बाबासाहेबांनी घटना समितीतच मोडीत काढले होते, ते किनाऱ्यावरच्या खेड्यालाही लागू आहे. जन्माने मिळालेला धंदा जपून ठेवणे हा आमचा कार्यक्रम असू शकत नाही. मुक्कुवराच्या मुलीला मासळी विकायची नसेल तर शाळेचा रस्ता खुला हवा.

पण जे समुद्रावर राहतील त्यांच्या मालकीचे काय? 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी १९४७ मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातिभेद न पाळता गावकऱ्यांना कसायला द्यावी, अशी मांडणी केली. जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच राहू नयेत, हा त्यामागचा हेतू होता. समुद्र तर आधीच कोणाच्या सातबाऱ्यावर नाही. तिथे जमीनदारी उभी राहते ती बोटीच्या, कर्जाच्या आणि लिलावाच्या मालकीतून. दक्षिण केरळातल्या मरियनाडच्या मच्छीमारांनी हे ओळखले. त्यांनी सहकारी संस्था काढून किनाऱ्यावरचा लिलाव दलालाच्या हातून आपल्याकडे घेतला, आणि अशा संस्थांचा महासंघ १९८० मध्ये उभा राहिला.

आज पश्चिम किनाऱ्याच्या बहुतांश भागात १ जून ते ३१ जुलै अशी बंदी असते. या एकसष्ट दिवसांत मासे वाढतात आणि बोटीचा मालक बोट दुरुस्तीला काढतो. परप्रांतातून आलेला खलाशी मात्र मजुरीविना घरी जातो. बंदीच्या काळातल्या मदतीच्या यादीत त्याचे नाव आहे का, हे आपल्या किनारी जिल्ह्यांतल्या कार्यकर्त्यांनी मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारायला हवे.