निवाड्याच्या पावतीवरची सही

बकरी ईदच्या टायमाला बकरे घेऊन देवनारच्या मंडीत जाणारे आपल्यात बरेच आहेत. त्या जागेच्या कागदावर अजून "मौजे देवनार, तालुका कुर्ला" असंच लिहितात. मौजे म्हणजे गाव. तिथून पुढं मानखुर्दचा खाडीपूल ओलांडला की वाशी, आणि तिथूनच भूसंपादनाचा आपल्या राज्यातला मोठा इतिहास सुरू होतो.

पण आधी कायद्याचं बघू. १८५७ च्या कायद्यात किंमत जुळली नाही तर पंच नेमत. पंचांवर भरवसा राहिला नाही, म्हणून १८७० ला ते काम दिवाणी कोर्टाकडं गेलं. तेव्हा शेतकऱ्याशी भाव जुळला नाही तर कलेक्टरनं स्वतः प्रकरण कोर्टात पाठवायचं होतं. १८९४ च्या कायद्यानं हे उलटं केलं. कलेक्टर निवाडा देणार, आणि ज्याला पटणार नाही त्यानं अर्ज करून कोर्ट मागायचं. गप्प बसला तो राजी, असा त्याचा अर्थ. हा कायदा २०१३ संपेपर्यंत चालला.

वाशीच्या बाजूला १९७० ला नोटीस निघाली, सिडको त्याच वर्षी मार्चमध्ये स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरणकडची ९५ गावं त्यात गेली. भाव धरायचा तो चारच्या नोटिशीच्या तारखेचा. निवाडा व्हायला काही गावांत दहा वर्षांवर लागली, तरी भाव १९७० चाच. भाताचं खाचर गेलं, मिठागर गेलं, आणि डोळ्यांदेखत शेजारी प्लॉट विकले जाऊ लागले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. पुढं साडेबारा टक्के विकसित जमीन मिळाली ती या लढ्यातून, कोर्टातून नव्हे.

त्याच १९८४ च्या सप्टेंबरात कायद्यात दुरुस्ती झाली. दिलासा रक्कम १५ वरून ३० टक्के झाली, जाहीरनाम्यापासून दोन वर्षांत निवाडा द्यायचं बंधन आलं. आणि कलम २८ अ आलं. म्हणजे एकाच नोटिशीत गेलेल्या शेजाऱ्याला कोर्टानं वाढीव मोबदला दिला, तर कोर्टात न गेलेल्यानंही तीन महिन्यांत अर्ज करून तेवढाच भाव मागावा. गरिबासाठी चांगलं कलम, पण हे तीन महिने कोर्टाच्या निकालापासून मोजतात, आपल्याला कळल्यापासून नाही.

आमच्या चुलत्यांची दोन एकर पाझर तलावात गेली. चेक घेताना पावतीवर "हरकत राखून" लिहायचं असतं हे कचेरीत कुणी सांगितलं नाही. न लिहिता पैसे उचलले की कलम १८ चा अर्ज करता येत नव्हता. बांधाला बांध असलेला माणूस कोर्टात गेला, त्याचा भाव वाढला. आमच्या नानांना ते कळलं वर्षानं, एका लग्नात.

कोर्टात गेल्यावर तरी काय लागतं? पुण्याच्या एका जमिनीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं १९८८ ला सांगितलं, की निवाडा हा सरकारचा देकार आहे, आणि तो कमी आहे हे जमीनवाल्यानं पुराव्यानं दाखवायचं. म्हणजे जवळपासची त्याच सुमाराची खरेदीखतं लागतात. विहीर, झाडं, पाइपलाइन यांची नोंदही मोजणीच्या वेळीच करून घ्यायची. आणि आपल्याकडं खरेदीखतात भाव कमी दाखवायची खोड! स्टँप वाचवला तोच कागद पुढं आडवा येतो.

१ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा आहे. दिलासा १०० टक्के. पण निवाडा देताना आपण हजर असलो तर कलम ६४ च्या अर्जाला आजही सहाच आठवडे. समृद्धीला बहुतेकांच्या जमिनी थेट खरेदीनं गेल्या. तिथं निवाडाच नाही, त्यामुळं सहा आठवडेही नाहीत.