सही कोणाची? जंगलातील शांतिमेळावा आणि एक सरकारी अर्ज

#धागा #इतिहास

जुलै १९७२. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्य. ग्रॅन्बी या छोट्या गावाजवळचा डोंगरी रस्ता पोलिसांनी अडवलेला आहे. अडथळ्याच्या अलीकडे हजारो तरुण-तरुणी खोळंबले आहेत. त्यांना वर जंगलात, स्ट्रॉबेरी लेक नावाच्या तळ्याकाठी जायचे आहे. ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तेथे एकत्र बसून जगाच्या शांततेसाठी मौन पाळायचे, एवढाच त्यांचा घोषित कार्यक्रम.

व्हिएतनामचे युद्ध अद्याप चालू होते. लांब केसांच्या मुलांचा एवढा मोठा जमाव आपल्या डोंगरात नको, अशी स्थानिकांची आणि राज्याची भूमिका होती. मेळाव्याला न्यायालयाची मनाई होती. पुढे गेलेल्या अनेकांना अटक झाली. एका स्थानिक जमीनमालकाने मात्र आपली जागा देऊ केली. अखेर अडथळ्यापाशी साचलेले लोक ‘अटक करायची तर सगळ्यांना करा’ अशा निर्धाराने चालू लागले, आणि पोलिसांनी वाट मोकळी केली.

हा पहिला ‘रेनबो गॅदरिंग’, म्हणजे इंद्रधनुष्य मेळावा. भरवणाऱ्यांच्या मनात तो एकदाच व्हायचा होता. पुढच्याच वर्षी तो वायोमिंगमध्ये भरला आणि मग दरवर्षी भरत राहिला. या मेळाव्याचे बहुतेक वर्णन नाच, गाणी, नग्नता आणि गांजा यांपाशीच थांबते. तेही तेथे होते, नाकारण्याचे कारण नाही. पण इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे ते दुसऱ्याच गोष्टीकडे. या लोकांचा आणि अमेरिकी शासनाचा सर्वांत दीर्घ झगडा झाला तो एका अर्जावरील सहीसाठी.

‘हिप्पी’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गोव्याचा हणजुण्याचा किनारा येतो. तो वेगळा प्रवाह. तेथे आले ते बहुतांशी स्वतःचा देश मागे टाकून आलेले प्रवासी. स्ट्रॉबेरी लेकला जमलेले लोक आपल्याच देशाच्या जमिनीवर, आपल्याच राज्यघटनेचा हवाला देत बसले होते. तो फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

थोडे मागे जाऊ. ४ मे १९७० रोजी ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात ४ विद्यार्थी ठार झाले. त्याच वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन होते. राष्ट्राध्यक्ष निक्सन येणार अशी चर्चा होती. युद्धविरोधी तरुणही तेथे जमणार होते. रक्तपात होणार, ही भीती खरी होती.

गव्हर्नर टॉम मॅकॉल रिपब्लिकन पक्षाचे. त्यांनी जो मार्ग पत्करला त्याला अमेरिकेच्या इतिहासात दुसरी जोड सापडणे कठीण. शहरापासून दूर, मॅकआयव्हर उद्यानात, राज्य सरकारच्याच आश्रयाने तरुणांसाठी संगीत महोत्सव! ‘व्होर्टेक्स १’ हे त्याचे नाव. २८ ऑगस्टपासून तो चालला. उद्यानातील नग्नतेकडे आणि गांजाकडे पोलिसांनी डोळेझाक केली. निक्सन आले नाहीत, पोर्टलंड शांत राहिले, आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत मॅकॉल पुन्हा निवडून आले.

रेनबोच्या आरंभीच्या मंडळींपैकी काहीजण व्होर्टेक्समध्ये राबलेले होते. हजारोंच्या जेवणाची, पाण्याची, शौचाची सोय कशी लावायची याचा धडा तेथे मिळाला होता. मात्र व्होर्टेक्सला सरकारचे आमंत्रण होते. १९७२ चे आमंत्रण सरकारचे नव्हते, कोण्या संस्थेचेही नव्हते. बॅरी अ‍ॅडम्स आणि गॅरिक बेक ही दोन नावे या आरंभाशी कायमची जोडली गेली आहेत. बेक हे ‘लिव्हिंग थिएटर’ या प्रसिद्ध बंडखोर नाट्यसंस्थेचे संस्थापक ज्युलियन बेक आणि ज्युडिथ मलिना यांचे पुत्र. तथापि यांपैकी कोणीही अध्यक्ष झाले नाही, कारण अध्यक्षपदच नव्हते.

मेळाव्याची रीत अशी. जागा दरवर्षी नवी, राष्ट्रीय वनातली. अमेरिकेत अशी सुमारे १९ कोटी ३० लाख एकर जमीन फॉरेस्ट सर्व्हिसच्या ताब्यात आहे आणि ती जनतेची मानली जाते. कोठे जमायचे ते वर्तुळात बसून, सर्वांच्या संमतीने ठरते. मतदान नाही. एकाचाही ठाम विरोध असेल तर चर्चा पुढे चालते, कधी कधी दिवसच्या दिवस. ज्याच्या हाती पीस किंवा काठी असेल त्याने बोलायचे, इतरांनी ऐकायचे. (समितीच्या बैठकीला बसलेल्या कोणाही माणसाला हे ऐकून एकाच वेळी हेवा आणि धास्ती वाटावी.)

विक्री नाही, तिकीट नाही. संध्याकाळी मोठ्या वर्तुळात जेवण होते आणि एक टोपी फिरते, तिला ‘मॅजिक हॅट’ म्हणतात. तीत पडेल त्या पैशातून दुसऱ्या दिवशीचे धान्य येते. स्वयंपाकाचे तळ अनेक, प्रत्येकाचे नाव निराळे. येणाऱ्याला ‘घरी स्वागत असो’ असे म्हटले जाते, मग तो पहिल्यांदा आलेला का असेना. मेळावा आटोपल्यावर काही लोक मागे राहतात, शौचाचे चर बुजवतात, चुलींच्या जागा मोडतात, तुडवलेल्या पायवाटांवर बी पेरतात.

४ जुलैची सकाळ मौनाची. मग दुपारच्या सुमारास मोठे वर्तुळ, ओंकाराचा दीर्घ स्वर, आणि मुलांची मिरवणूक येते तेव्हा मौन सुटते.

आता मराठी वाचकाने थबकावे असा एक शब्द. मेळाव्यात भांडण झाले, कोणी पिऊन अंगावर धावला, तर ‘शांतिसेना!’ अशी हाक दिली जाते. हाच शब्द, इंग्रजी उच्चारात. ती वर्दीतली तुकडी नाही. हाक ऐकेल त्याने धावायचे, भांडणाऱ्यांभोवती कडे करायचे, बोलून शांत करायचे, मारायचे नाही.

शांतिसेनेची कल्पना महात्मा गांधींची. तिला संघटित रूप दिले ते विनोबा भावे यांनी, १९५७ मध्ये, केरळातील भूदान पदयात्रेत. रायगडमधील गागोद्यात जन्मलेल्या विनोबांच्या मते शांतिसैनिक हा एरवी सेवासैनिक असला पाहिजे. ज्या वस्तीत त्याने वर्षभर सेवा केली तेथेच दंग्याच्या दिवशी त्याचा शब्द ऐकला जाईल. विनोबांच्या शांतिसेनेत मात्र नोंद होती, प्रतिज्ञा होती. रेनबोने शब्द घेतला आणि नोंदवही सोडून दिली. हा फरक केवळ कागदाचा नाही, हे पुढील प्रसंगांवरून दिसते.

जून १९८० मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील मेळाव्याकडे येणाऱ्या वाहनांना हात दाखवत निघालेल्या दोन तरुणींचा वाटेत खून झाला. त्या प्रकरणात एका स्थानिक माणसाला १९९३ मध्ये शिक्षा झाली आणि २००० मध्ये फेरखटल्यात तो निर्दोष सुटला. वर्तुळात कितीही प्रेम असले तरी वर्तुळापर्यंतचा रस्ता त्या वर्तुळाच्या हाती नव्हता.

जुलै १९८७ मध्ये उत्तर कॅरोलिनातील नान्टाहाला वनात आणखी मोठे अपयश आले, आणि ते सर्वस्वी आतले होते. शिगेला जंतूंमुळे रक्ती हगवणीची साथ पसरली. तपास करणाऱ्या वैद्यकतज्ज्ञांच्या अंदाजानुसार मेळाव्याला सुमारे १२,७०० लोक आले होते आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक आजारी पडले. जंतू अनेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हता, आणि लोक घरोघर परतले तशी साथही राज्याराज्यांत गेली. पाणी उकळा, हात धुवा, चर झाका हे सर्वांना ठाऊक होते. पण ‘सर्वांचे काम’ हे पावसात आणि चिखलात कोणाचेच काम उरत नाही.

शासनाच्या बाजूने पाहिले तर प्रश्न रास्त होता. साथ आली तर कोणाशी बोलायचे? वणवा लागला तर कोणाला जबाबदार धरायचे? १९८४ च्या नियमांनी मत व्यक्त करण्यासाठी जंगलात जमणाऱ्या समूहांना परवाना आवश्यक केला. पण केवळ सहलीला जमलेल्यांना मोकळीक आणि विचार मांडण्यासाठी जमलेल्यांना परवाना, हा भेद उघडच घटनाविरोधी होता. १९८६ मध्ये अ‍ॅरिझोनातील न्यायालयाने तो नियम अवैध ठरवला.

१९८८ मध्ये टेक्सासच्या मेळाव्याच्या वेळी सरकार पुन्हा न्यायालयात गेले. न्यायाधीश होते विल्यम वेन जस्टिस, टेक्सासमधील शाळांतील वर्णभेद आणि तुरुंगांची दुःस्थिती यांवरील निकालांमुळे गाजलेले. त्यांनी परवान्याचा नियम टिकू दिला नाही. मात्र त्याच खटल्यात ‘आमची संघटनाच नाही, मग खटला कोणावर?’ हा रेनबोचा युक्तिवादही त्यांनी मान्य केला नाही. नोंदणी नसली तरी ही संघटना आहे आणि तिच्यावर खटला चालू शकतो, असे त्यांनी ठरवले. दोन्ही पक्षांना जिंकल्यासारखे वाटावे आणि दोन्ही पक्ष अस्वस्थ राहावेत, असा तो निकाल.

१९९५ मध्ये सरकारने चुका सुधारून नवा नियम आणला. ७५ किंवा अधिक लोकांच्या कोणत्याही अव्यावसायिक मेळाव्याला परवाना लागेल. शुल्क नाही. नाकारण्याची कारणे मर्यादित. विचार कोणता, हे पाहायचे नाही. फक्त समूहाच्या वतीने कोणीतरी सही करायची.

येथेच गाडे अडले. रेनबोच्या जुन्या मंडळींचे म्हणणे असे: मी माझ्यापुरती सही करू शकतो, शेजारच्या माणसाच्या वतीने करण्याचा मला अधिकार नाही, तो मला कोणी दिलेला नाही. शिवाय शांततेने एकत्र जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने आधीच दिलेला आहे, तो पुन्हा मागायचा कशाला? बाहेरून हा हट्ट वाटतो. पण ज्या समूहाचे अवघे तत्त्वच ‘कोणी कोणाचा प्रतिनिधी नाही’ हे आहे, त्याच्याकडे प्रतिनिधीची सही मागणे म्हणजे त्याला आधी दुसरे काहीतरी व्हायला सांगणे होय.

न्यायालयांना हे पटले नाही. १९९९ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील अ‍ॅलेगेनी वनात हजारो लोक विनापरवाना जमले. खटला तिघांवर झाला, त्यांत एक गॅरिक बेक. २००० मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा कायम केली: नियम सर्वांना सारखा आहे आणि एखादा सही करणारा नेमणे अशक्य नाही. २००० च्या मोंटानातील मेळाव्याबद्दल बॅरी अ‍ॅडम्स दोषी ठरले आणि २००४ मध्ये त्यांचेही अपील फेटाळले गेले. या गुन्ह्याला कमाल शिक्षा ६ महिने कैद आणि ५,००० डॉलर दंड.

यातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. आम्हाला नेता नाही, असे समूह म्हणत होता. शासनाला नेता हवा होता, म्हणून त्याने हजारोंमधून माणसे निवडली आणि ती निवड आरोपपत्रावर लिहिली.

मग रेनबोची बाजू निर्विवाद न्यायाची का? तसे म्हणता येत नाही. रंगीबेरंगी लोक एकत्र येऊन पृथ्वी वाचवतील अशी होपी या मूलनिवासी जमातीची भविष्यवाणी आहे, असे या मंडळींत वर्षानुवर्षे सांगितले गेले. तिचा माग लागतो तो १९६२ मध्ये विल्यम विलोया आणि व्हिन्सन ब्राउन यांनी लिहिलेल्या एका पुस्तकापाशी, होपी परंपरेपाशी नव्हे. मायकेल नायमन यांनी रेनबोवरील आपल्या अभ्यासग्रंथात ही बाब स्पष्ट मांडली आहे, आणि ते स्वतः या मेळाव्यांबद्दल सहानुभूती असलेले लेखक आहेत.

२०१५ मध्ये मेळावा दक्षिण डकोटातील ब्लॅक हिल्समध्ये भरला तेव्हा लाकोटा कार्यकर्त्यांनी विरोध केला. १८६८ च्या तहाने हे डोंगर त्यांचे होते, पुढे अमेरिकेने ते घेतले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा हक्क मान्य केला, पण लाकोटांनी पैसे नाकारले, त्यांना जमीन हवी आहे. ‘ही जनतेची जमीन आहे, येथे जमायला आम्हाला कोणाची परवानगी नको’ हे वाक्य फॉरेस्ट सर्व्हिससमोर निर्भय वाटते. लाकोटांसमोर तेच वाक्य वेगळे ऐकू येते.

२०२२ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली म्हणून मेळावा पुन्हा कोलोरॅडोत, रूट राष्ट्रीय वनात भरला. १९७२ ला विशीत असलेले आता सत्तरीत होते. मोठ्या मेळाव्यासाठी परवान्याचा आणि सहीचा नियम तेव्हाही लागू होता.